अख्ख्या वस्तूंचा बाजार

ठाण्याचे काका-काकू लोणारचं सरोवर बघायला यायचे म्हणाले आणि आमच्या घरात काळजी सुरू झाली. दोघं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणं जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं, आणि जेवण मात्र कोशर, धर्मशास्त्राला मंजूर तेवढंच. काका थोडं इकडंतिकडं चालवून घेतात; काकू अजिबात नाही. मेहकरकडून लोणारला जाणारा माणूस बहुधा आमच्या सुलतानपूरवरून जातो, त्यामुळं मुक्काम आमच्याकडंच ठरला. या भागात इस्रायल म्हटलं की लोकांना ठिबक सिंचन आठवतं. तिथल्या धर्माच्या माणसाला काय वाढायचं, हे कुणाला सांगता येणार?

आईला मात्र हा प्रश्न अनोळखी वाटला नाही. तिच्या गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही. साबुदाणा चालतो आणि पोहे चालत नाहीत, भगर चालते आणि तांदूळ चालत नाही, एका घरात कोथिंबीर चालते आणि भिंतीपलीकडच्या घरात ती वर्ज्य असते, हे ती जन्मभर पाळत आली. तिनं फोनवर सरळ विचारलं, “तुम्हाला काय काय चालत नाही, तेवढं सांगा.” काकू म्हणाल्या, “तुम्ही काही करू नका. बाजाराच्या दिवशी येतो. माझं पातेलं आणि सुरी मी आणते.”

त्या दिवशी काकूंबरोबर बाजारात फिरताना मला आमचाच बाजार नव्यानं दिसला.

मुक्कामाला येताना रस्त्यावर त्यांनी ‘शुद्ध शाकाहारी’ पाट्यांची हॉटेलं पाहिली होती. मला वाटायचं, मांसाचा प्रश्नच नसला की त्यांची अडचण मिटली. तसं नसतं. पालेभाजीत बारीक कीड राहिली असेल तर ती भाजी त्यांना चालत नाही. चीज बनवताना दूध फाडायला जे रेनेट वापरतात ते वासराच्या पोटातलं असू शकतं. द्राक्षांपासून केलेला व्हिनेगर, कुणी कशात भाजला ते माहीत नसलेला पाव, आधी काय तळलं ते ठाऊक नसलेली कढई, हे सगळंच आड येतं. शिवाय शिजवताना यहुदी माणसाचा हात लागलेला असावा, निदान चूल तरी त्यानं पेटवलेली असावी, अशी रीत आहे. किराणा दुकानातल्या पुड्यावरचा हिरवा ठिपका काकूंना पुरत नाही. त्या पुडा उलटा करून वर्तुळातलं इंग्रजी ‘यू’ अक्षर शोधतात. ती अमेरिकेतल्या एका यहुदी संस्थेची खूण असते आणि भारतात बनलेल्या काही मालावरही ती सापडते. आमच्या दुकानात त्यांनी दोन-तीन पुडे असे उलटे केले, ठेवून दिले आणि म्हणाल्या, “चल, बाहेरच्या बाजारात जाऊ. तिथं बरं.”

बाहेर खरंच बरं होतं. वांगी, भेंडी, कांदे, हिरव्या मिरच्या, पेरू, शेंगा या सगळ्यांना कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. मेथीची जुडी त्यांनी घेतली तेव्हा पानं उलटीपालटी करून उन्हात धरली. घरी गेल्यावर ती मिठाच्या पाण्यात ठेवायची आणि पुन्हा एकेक पान बघायचं. गावरान अंडी घेतली. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या पेल्यात फोडतात, बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून देतात, हेही सांगून झालं. मसाल्याची पूड त्यांनी घेतली नाही. धने, लाल मिरची, लवंग, मिरी सगळं अख्खं घेतलं. दुकानदारानं तयार मसाल्याचा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, “दादा, तुमचा मसाला चांगलाच असेल. पण कुटल्यावर त्यात काय आहे ते मला दिसत नाही ना.”

यातच सगळं आलं, असं मला वाटतं. शहरातल्या मोठ्या दुकानात वस्तू आपल्यापर्यंत येईतो सोललेली, दळलेली, गाळलेली, बंद केलेली असते आणि तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलेल्या दोन ओळींवर भिस्त ठेवावी लागते. खेड्याच्या बाजारात वस्तू अजून अख्खी येते. कोशर पाळणाऱ्याला महानगरापेक्षा आमचा बाजार सोपा जातो, हे मी आता कुणालाही ठासून सांगेन.

मासळीच्या ओळीत मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. टोपल्यात धरणातले रोहू होते, कटले होते, एका बाजूला मागूर आणि लांबलचक वाम. पर आणि खवले दोन्ही असलेला मासा तेवढा कोशर. मागूर आणि वाम त्यात बसत नाहीत, खेकडा आणि झिंगाही नाही. काकूंनी एक रोहू उचलला, शेपटीकडून नख उलटं घातलं आणि एक खवला अलगद वर काढला. नखाएवढा, पारदर्शक, कडेला जरा गुलाबी. खवला निघाला, पण खालची कातडी फाटली नव्हती. तो तसाच सुटा निघावा लागतो. त्यांनी तो बोटावर धरून मला दाखवला आणि मासा तोलायला दिला.

“साफ करून देऊ का, माय?” मासेवालीनं विचारलं.

“नको गं. अख्खाच दे, खवल्यासकट.”

मासेवालीची सुरी नुकतीच मागूर कापून बाजूला ठेवलेली होती. काकूंनी तिचा उल्लेखही केला नाही.

बेने इस्रायलांची एक जुनी कथा याच खवल्यांची आहे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं परंपरा सांगते. पुढं कित्येक पिढ्या जगातल्या इतर यहुद्यांशी त्यांचा संबंध उरला नाही. हिब्रू गेली, ग्रंथ गेले. शनिवारी काम बंद ठेवणं, मुलांची सुंता, ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि जेवणाचे नियम एवढं टिकलं. मग डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी तिथं पोचला. काही जण तो शेकडो वर्षांपूर्वीचा मानतात, काही जण अठराव्या शतकातला. हे लोक खरंच आपल्यापैकी आहेत का, हे बघण्यासाठी त्यानं बायकांना निरनिराळे मासे रांधायला दिले. बायकांनी खवल्यांचे आणि परांचे मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले आणि असले मासे आम्ही खात नाही, असं सांगितलं. राहाबीची खात्री पटली. तिथून त्यांचं धर्मशिक्षण नव्यानं सुरू झालं. कथा किती जुनी, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला त्यातल्या बायका फार मोठ्या वाटतात. पोथी हरवलेल्या समाजाची ओळख त्यांनी स्वयंपाकघरात सांभाळून ठेवली.

खाटकाच्या दुकानावरून आम्ही न थांबता पुढं आलो. बोकड रवंथ करतो, त्याचे खूर दुभंगलेले असतात, म्हणजे प्राणी कोशरच. पण तो कापणारा शोहेट हवा, शास्त्र शिकलेला. त्याच्या सुरीला केसाएवढी खाच चालत नाही. नखावरून फिरवून तो ती तपासतो. कापल्यावर फुप्फुसं बघतो. नंतर मांस अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड्या मिठात ठेवायचं, म्हणजे रक्त निघून जातं, आणि पुन्हा धुवायचं. मांसाबरोबर दूध, दही, तूप काहीही नाही. त्यांची भांडीही वेगळी. कोकणात राहिलेल्या या लोकांनी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं आणि एक देखणी पाकपद्धती उभी केली. गोड पदार्थांतही तेच: नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात होतो, म्हणजे मटणाच्या जेवणावरही खाता येतो. नवसाच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि सुका मेवा असतो. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन तो वाटतात. कोकणातल्या कुठल्याही घरात हे ताट आलं तर ते परकं वाटणार नाही.

मुंबईत नोकरीला असताना मी मशीद बंदरच्या गल्ल्यांतून पुष्कळ हिंडलो आहे. खजूर, बदाम, पत्रे, दोरखंड, हातगाड्या. त्या गर्दीतच ‘शार हारहामिम’ म्हणजे दयेचं दार हे मुंबईतलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर या बेने इस्रायल सैनिकानं ते १७९६ मध्ये बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर, नवस म्हणून बांधलं, असं सांगतात. रेल्वे स्टेशनच्या नावातली मशीद हीच, असंही तिथले जुने लोक म्हणतात, कारण बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. आजूबाजूला इस्रायल मोहल्ला भरलेला होता. आता माणसं ठाण्याला गेली, त्याआधी कितीतरी जास्त इस्रायलला गेली. भारतात यहुदी सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास उरले. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

कुलाब्याच्या नरिमन हाउससमोरून जाताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. परदेशातून आलेल्या यहुदी प्रवाशाला तिथं कोशर जेवण मिळे. रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्हका यांचं घर सगळ्यांना उघडं असे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ते दोघं मारले गेले. त्याच घरात लायबिश टायटलबॉम आणि बेन्झियन क्रुमन हेही गेले. ते दोघं भारतात अन्न तपासायला आले होते. आपल्या माणसांनी निर्धास्त जेवावं म्हणून कारखान्यांत जायचं, तिथं काय घालतात, कशात शिजवतात ते डोळ्यांनी बघायचं, हे त्यांचं काम. काकूंनी पुडा उलटा केला की त्या छोट्या अक्षरामागं असा कुणीतरी घरदार सोडून फिरणारा माणूस असतो, हे मला दिसतं आणि पोटात कालवतं.

सुलतानपुरात त्या दिवशी शेवटची खरेदी तेलाची होती. लाकडी घाण्यावर करडई पडत होती. काकूंनी घाणेवाल्याला विचारलं, यात दुसरं काही काढता का? तो म्हणाला, करडई आणि भुईमूग, बाकी काही नाही. त्यांनी धार पडताना बघितली आणि आपल्या बाटलीत तेल भरून घेतलं. काका मात्र तिथून हलेनात. घाण्याच्या लाटेवर हात ठेवून उभे राहिले. कोकणात त्यांच्या पूर्वजांचा धंदा हाच होता. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. काकांनी घाणेवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आपण एकाच धंद्यातले की!” आणि पैसे घेईना. काकूंनी ते जबरदस्तीनं ठेवले.

स्वयंपाकाची अडचण घरी आल्यावर उभी राहिली. आईच्या शेगडीवर मासा शिजत नाही, आणि काकूंना आमची शेगडी चालत नाही. दोघी अंगणात बोलत उभ्या होत्या. मी जरा बिचकून ऐकत होतो. पाच मिनिटांत त्यांचं ठरलंसुद्धा. पेरूच्या झाडाखाली तीन दगड मांडले, काकूंनी स्वतः काडी ओढून चूल पेटवली. पातेलं त्यांचं, सुरी त्यांची, पाणी आमच्या विहिरीचं. नारळ मिळाला नाही म्हणून सुकं खोबरं, तीळ आणि शेंगदाणे भाजून त्यांनी आपल्या खलबत्त्यात कुटले. ओला मसाला रोहूला लावला तेव्हा आमच्या वऱ्हाडी रश्शाचाच वास सुटला. ताटांचं काय, असं मी विचारायच्या आत आईनं माळ्यावरून पळसाच्या कोऱ्या पत्रावळी काढल्या. ज्यात आजवर कुणीच काही खाल्लं नाही, असं ताट. काकूंनी एक पत्रावळ हातात घेतली, उलटी केली, काड्यांची टाचणी बघितली आणि आईकडं बघून नुसत्या हसल्या.

आम्ही मासा-भात खाल्ला. आई समोर बसून आपली भाकरी आणि वांग्याची भाजी खात होती, तिच्या ताटात. मध्येच तिनं हिशेब सुरू केला: हिवाळ्यात आलात तर हुरडा मिळेल, तो तर शेतात जाळावरच भाजतो, भांडंच लागत नाही. वांगंही निखाऱ्यावर. तुरीच्या शेंगा, ऊस, बोरं.

“हुरड्याच्या कणसात कीड असते का हो?” काकूंनी विचारलं.

“असते कधी कधी. चोळताना दिसते ना, काढून टाकायची.”

“मग चालेल.”

“येजा मग पौषात. कोणत्या वारी येता ते आधी कळवा.”

“शनिवार सोडून कधीही,” काकू म्हणाल्या आणि भात मागून घेतला.