वरची मर्यादा, खालची मर्यादा

आमच्याकडे वाई तालुक्यात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. त्यात बाबा अँथुरियम लावतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. शेतीतलं माझं योगदान म्हणजे सल्ले.

दोन वर्षांपूर्वी मार्केट यार्डात फुलांचे भाव एकदम पडले. लग्नाची पुढची तिथी सहा दिवसांवर होती. शेजारच्या गुलाबवाल्या काकांनी त्यांच्या कोल्डरूममध्ये जागा देऊ केली. आत २ अंश. बाबा घुटमळले. "याला थंडी सोसत नाही रे," म्हणाले.

मी त्यांना गणित समजावलं. तोडलेलं फूलही श्वास घेतं आणि साठवलेली साखर खर्च करतं. तापमान १० अंशांनी उतरलं की हा वेग साधारण निम्म्यावर येतो, कधी त्याहून खाली. म्हणजे जितकं गार, तितकं टिकणार. गुलाबाच्या बाबतीत हे खरंच आहे, ० ते २ अंश त्याला मानवतात. मी तर कोल्डरूममध्ये एक सेन्सरही बसवला. तापमान ४ च्या वर गेलं की मोबाईलवर अलर्ट.

पाच दिवसांत एकही अलर्ट आला नाही.

सहाव्या पहाटे बारा खोके काढले. १२०० फुलं, लालभडक, जशीच्या तशी. मी बाबांकडे विजयी नजरेने पाहिलंसुद्धा. दहा वाजता यार्डात खोके उघडले तेव्हा लाल रंगावर जांभळट-निळे डाग उमटले होते. दुपारपर्यंत कडा काळ्या पडल्या. व्यापाऱ्याने एक फूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि परत ठेवलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. अँथुरियम मूळचं कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट जंगलातलं. त्याचा जो लाल भाग आपण फूल म्हणून विकतो, ते खरं तर पान. खरी बारीक फुलं मधल्या दांड्यावर असतात. या झाडाने आयुष्यात कधी हिवाळा पाहिलेला नाही. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं पातळ पटल असतं. खोबरेल तेल थंडीत थिजतं ना, काहीसं तसंच या पटलाचं होतं. ते ताठरतं, मग गळू लागतं. आतलं बाहेर, बाहेरचं आत. गारठ्यात सगळंच मंद असल्यामुळे इजा दिसत नाही. ऊब मिळाली की दिसते. म्हणून कोल्डरूममध्ये फुलं छान होती.

अँथुरियमला साठवायला साधारण १२.५ ते २० अंश लागतात. ऑर्किड, हेलिकोनिया ही मंडळीही याच जातकुळीतली, गुलाबाच्या थंडीत न टिकणारी. आणि हे मला माहीत नव्हतं असंही नाही. केळी फ्रीजमध्ये ठेवू नको, काळी पडतात, हे आई मी शाळेत असल्यापासून सांगते. तेव्हा मी ते केळ्यापुरतं ऐकलं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. अलर्टचा कोड मीच लिहिला होता. त्यात वरची मर्यादा होती, खालची नव्हतीच. फुलं पाच दिवस मरत होती आणि माझा डॅशबोर्ड हिरवागार होता. बाबांचं वाक्य माझ्याकडे आलेला पहिला अलर्ट होता. तो मी गणिताने म्यूट केला.

परतीच्या वाटेवर बाबा काही बोलले नाहीत. खंबाटकी घाटात फक्त म्हणाले, "चहा घ्यायचा का?"

आता घरामागच्या खोलीत भिंतींना थर्माकोल लावून साधा एसी बसवलाय. घरगुती एसी १६ च्या खाली जात नाही, हे इथे पथ्यावरच पडलं. अलर्टला दोन मर्यादा आहेत, १३ आणि २०. त्या आकड्यांवर शेवटचा शब्द बाबांचा होता. मी १२.५ म्हणत होतो. ते म्हणाले, "अर्धा अंश हाताशी राहू दे. डिसेंबरात इथे वारं असतं."

मी कोडमध्ये १३ लिहिलं. का, ते विचारलं नाही.