अंतरपाट आणि चार इंच

कॅमेऱ्यालाही कपाळ असतं हे मला वळसंगच्या लग्नात कळलं. लेन्सच्या वर जो उंचवटा असतो, जिथे कंपनी आपलं नाव कोरते, तिथे कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. अक्षय्य तृतीयेला घेतलेला कॅमेरा, त्यामुळे कुंकू अजून ताजं. फोटोग्राफर घाम पुसताना स्वतःचं कपाळ पुसत होता, कॅमेऱ्याचं मात्र जपत होता.

मे महिना. अक्कलकोट रस्त्यालगतचं कार्यालय, वर पत्रा, पत्र्याखाली तीच गरम हवा ढवळणारे पंखे. मुहूर्त साडेबाराचा. सोलापुरात साडेबाराचा मुहूर्त धरणाऱ्या माणसाचं उन्हाशी काहीतरी जुनं नातं असलं पाहिजे. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता वाटून झाल्या, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक बारीक थर्मामीटर उगवला. मग पडदा काळा. बॅटरी काढली, घातली, पुन्हा काढली. काळा तो काळाच.

"बॅग आण बे, लवकर!"

पोऱ्याने खुर्च्यांवरून उड्या टाकत बॅग आणली. आतून गमछ्यात गुंडाळलेला जुना कॅमेरा निघाला. मुठीचं रबर सुटलेलं, ते फेविक्विकने बसवलेलं. डोळा टेकवायची वाटी केव्हाच हरवलेली. बटणांवरची चिन्हं अंगठ्याने पुसून गेलेली, म्हणजे अंगठ्याला ती पाठ. त्याने डोळ्याला लावला आणि खाट् असा आवाज आला. नव्याला तो आवाजच नव्हता. अंतरपाट खाली आला तेव्हा सभामंडपात ती खटाखट मला वाजंत्र्यापेक्षा मोठी ऐकू आली.

पंगतीत तो शेजारी बसला. वळसंगच्या पंगतीत वाढपी मराठीत आग्रह करतो आणि आपसात कानडीत ठरवतो, कुणाला किती वाढायचं ते. हुग्गीवर तूप पडल्यावर गडी जरा सैल झाला. म्हणाला, "काका, नव्यात आरसा नाही. आपण नुसतं बघत बसलो तरी आतला सेन्सर जागाच. त्यात सकाळपासून व्हिडिओ चालू, मग तापतोच की ओ. जुन्यात आरसा आहे. फोटो काढताना आरसा वर जातो तेवढाच वेळ सेन्सरला काम, बाकी झोप. नवा हुशार आहे, पण हा म्हातारा सोलापूरचा आहे."

नव्या वस्तूचे पहिले दिवस धोक्याचे हे इंजिनीअर लोक आलेख काढून सांगतात. आपल्याकडे त्यासाठी सटवाई आहे. मी म्हटलं, नुसतं कुंकू लावून भागत नाही, पाचवी पुजायला हवी होती. तो हसला नाही. हप्ते अजून सुरू व्हायचे होते.

मग मी त्याला सोब्रालची गोष्ट सांगितली. ब्राझीलमधलं गाव, २९ मे १९१९, खग्रास सूर्यग्रहण. सूर्याजवळून येताना ताऱ्याचा प्रकाश किती वाकतो, एवढंच मोजायचं होतं. आइन्स्टाइनचा आकडा १.७५ विकला, न्यूटनच्या हिशेबाने त्याच्या निम्मा. ग्रीनिचहून डेव्हिडसन आणि क्रोमेलिन गेले होते. मुख्य दुर्बीण तेरा इंची, नावाजलेली. आणि शेजारी एका लाकडी चौकोनी नळीत एक चार इंची भिंग. ते रॉयल आयरिश अकॅडमीचं, उसनं. असू द्या जवळ, असं कॉर्टी नावाच्या जेझुइट पाद्र्याने सुचवलं म्हणून आलेलं. ग्रहण झालं, फोटोच्या काचा धुतल्या, आणि मुख्य दुर्बिणीतले तारे पसरट निघाले. प्रकाश दुर्बिणीत टाकणारा आरसा उन्हाने तापून आकार बदलला असावा, असा अंदाज. चार इंचीच्या आठ काचांपैकी सातांवर मात्र तारे टोकदार. त्यातून आकडा निघाला १.९८. सहा नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला आणि आइन्स्टाइन घराघरात पोचला, तो मुख्यतः त्या उसन्या भिंगाच्या जिवावर.

त्याने भाताचा घास तसाच धरून विचारलं, "उसनं होतं म्हणता. परत दिलं का?"

या धंद्यात उसन्या लेन्सा परत येत नाहीत, हा त्याचा अनुभव असणार.

सोब्राल मला आठवलं, कारण त्याआधी मला जेऊर आठवलं होतं. जेऊर आमच्याच जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं. पुण्याहून सोलापूरला येताना गाडी ते स्टेशन मागे टाकते आणि डब्यातलं कुणी मानही वर करत नाही. २२ जानेवारी १८९८, पौषातली अमावास्या, भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण. त्याची पट्टी कोकणात विजयदुर्गजवळ किनाऱ्याला लागून आत सरकली ती जेऊरवरून. विजयदुर्गाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते. तिथले साहेबाचे ओटे लोक आजही दाखवतात. जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम वॉलेस कॅम्पबेल, बायको एलिझाबेथसह.

काळ कसा, तर आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा सोलून काढलेला. मुंबई-पुण्याला प्लेग. पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली त्याला सात महिने झालेले. गोरा माणूस पेट्या घेऊन गावात उतरला की लोकांच्या मनात काय येत असेल! त्या पेट्यांतून निघाला चाळीस फुटी कॅमेरा. नाभ्यंतर चाळीस फूट, भिंग अवघं पाच इंचांचं. त्याची रचना मला फार आवडते. भिंग उंच मनोऱ्यावर, काच खाली जमिनीलगतच्या वेगळ्या चौकटीत, आणि मधली लांबलचक नळी या दोघांपैकी कुणालाच टेकलेली नाही. माळावरच्या वाऱ्याने नळी हलली तर हलू दे, चित्र हलणार नाही. काचेवर सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची पडते, चांगली वाटीएवढी. आणि हे सगळं उभारायचं ते जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. मुहूर्त टळला तर पुढचा आपल्या शिवारात नाही. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं. काचा भरल्या, सरकवल्या, काढल्या. काम फत्ते.

हाच कॅम्पबेल १९१४ साली कीव्हजवळ ग्रहणाला गेला. या खेपेला वाकणारा ताराप्रकाश मोजायचा होता, म्हणजे सोब्रालच्या पाच वर्षं आधी. ढग आले. त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि उपकरणं रशियातच अडकली. जून १९१८मध्ये ग्रहण त्याच्या स्वतःच्या देशात, गोल्डेनडेलला आलं, तरी पेट्या पोचलेल्या नव्हत्या. मिळतील ती भिंगं उसनी आणून त्याने जमवाजमव केली. काचा निघाल्या, पण त्यांतून खात्रीचा आकडा काही निघाला नाही. दुसरं भिंग जवळ असणं वेगळं आणि ऐन वेळी कुणाकडून तरी मागून आणणं वेगळं. सोब्रालचं भिंगही उसनंच, पण ते निघतानाच पेटीत होतं. वळसंगचा म्हातारा गमछ्यात का होईना, पण त्याच बॅगेत होता, बॅटरी भरून. लग्नाला निघताना कुणी दुसरा कॅमेरा घेतला की "कशाला ओझं" म्हणणारे लोक मला आवडत नाहीत. प्री-वेडिंगमधल्या रंगीत धुराच्या नळकांड्यांचं ओझं त्यांना चालतं.

जेऊरच्या त्याच दुपारी विदर्भात तळणीला अॅनी माँडर उभी होती. ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोडीला होती. लग्न झाल्यावर १८९५ साली नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. तिच्याकडचा कॅमेरा दीड इंची भिंगाचा. जेऊरच्या धिप्पाड यंत्राशेजारी ठेवला असता तर चहावाल्याने किटली म्हणून उचलला असता. पण लांब नाभ्यंतराच्या कॅमेऱ्याला सूर्याच्या कडेचं बारीक कोरीवकाम दिसतं. दूरवर विरत गेलेला अंधूक प्रकाश त्याच्या चौकटीत मावत नाही. अॅनीच्या छोट्या कॅमेऱ्यात मावला. सूर्याच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब गेलेला प्रभामंडळाचा एक झोत तिच्या काचेवर उतरला. तेवढा लांब झोत तोवर कुणाच्या फोटोत आलेला नव्हता. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सदस्य करून घेतलं ते १९१६ साली.

त्याच ग्रहणाची चलत् फिल्मही कुणी घेतली असेल असं मला वाटलं नव्हतं. घेतली होती, बिहारमध्ये बक्सरला. घेणारा नेव्हिल मॅस्कलिन, पेशाने जादूगार. परतीच्या प्रवासात त्याची फिल्म चोरीला गेली. दुसरी प्रत नव्हती. जादूगाराचाच डबा गायब! १९०० साली तो नॉर्थ कॅरोलायनात जाऊन दुसरं ग्रहण टिपून आला, आणि ती मिनिटभराची फिल्म आज कुणालाही पाहता येते. त्या चोराबद्दल मला कुतूहल आहे. डब्यात नाचणाऱ्या बायका असतील अशा आशेने त्याने तो पळवला असेल, आणि कुठल्यातरी बंदरात, भाड्याच्या खोलीत, भिंतीवर चादर टांगून हातयंत्र फिरवल्यावर त्याला दिसला असेल एक काळा गोल, आणि चोराला तक्रार तरी कुणाकडे करता येणार?