कूळकायद्यानं कोकण बुडालं का?

आमचं घराणं लांज्याकडच्या खोतांचं. कूळकायद्यात कुठलं खाचर गेलं, कुठला वरकस डोंगर गेला, हे आजीला तोंडपाठ होतं. माझं मत तिच्याकडूनच आलं. कसेल त्याची जमीन झाली, कुळाला ती पेलली नाही, तो मुंबईला गेला, शेतं ओस पडली आणि रत्नागिरी जिल्हा दरिद्री राहिला. अर्थशास्त्र शिकून, पुढं तेच शिकवूनही हे मत टिकलं, कारण ओस खाचरं रोज दिसत होती. आता मी तसं मानत नाही.

सुरुवात झाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या अहवालापासून. १९४८च्या कूळकायद्याचं प्रत्यक्षात काय झालं, हे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी मुंबई राज्यातल्या गावांमधून तपासलं. अहवाल १९५७चा. कायदा येऊनही कुळांच्या हातून जमिनी सुटतच होत्या, आणि नोंदी होत्या त्या कुळांनी आपण होऊन जमीन सोडल्याच्या. वाचताना आमच्या फडताळातला १९५१चा एक कागद आठवला. कूळ राजीखुशीनं कब्जा सोडत आहे, असा मजकूर, वळणदार अक्षर, खाली डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार दोघंही आमच्याच वाड्यातले. ज्याचं पोट त्या दोन खाचरांवर, तो ती राजीखुशीनं कशी सोडेल?

मग सनावळ्या ताडून पाहिल्या. कुळं जमिनीची मालक मानली गेली ती १ एप्रिल १९५७पासून. रत्नागिरीचा माणूस गिरणीत गेला तो त्याच्या कितीतरी आधी, खोतीच्या भर अमदानीत. गाव तेव्हाच मनीऑर्डरीवर जगत होतं. अर्धेलीत निम्मं भात खोताला, वर वेठ. उरलेलं शिमग्यापलीकडं पुरत नसे. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली संप पुकारला आणि खोतांची शेतं वर्षानुवर्षं पडीक ठेवली, ती काय हौस म्हणून? १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडणाऱ्या बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं. त्या दारिद्र्याचं खापर वीस वर्षांनी जमीन देणाऱ्या कायद्यावर कसं फोडणार?

आत्याला हे पटत नाही. शेतसाऱ्याच्या वीस ते दोनशे पट किंमत, हा कसला मोबदला, असं ती विचारते. विधवा मालकिणींच्या बाबतीत कायद्यानं कुळाला होणारी विक्री फक्त लांबवली, याचा तिला अजून राग आहे. तिचं दुःख खरं आहे. दोनच खाचरं असलेल्या विधवाही यात भरडल्या गेल्या, हे मी नाकारत नाही.

पण जमीन कुळाच्या नावावर लागली म्हणूनच पुढचं घडलं. १९९०मध्ये रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली, तेव्हा सातबारा ज्याचा त्याला कलमं लावता आली. आमच्या जुन्या कुळाच्या नातवाची हापूस-काजूची बाग ज्या वरकसावर आहे, तिथं आजोबांच्या काळी गवत आणि कवळाशिवाय काही निघत नव्हतं. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली बजावलं होतं, की जमिनीच्या फेरवाटपानं दारिद्र्य हटणार नाही, हाताला काम द्यावं लागेल. ते मला पटतं. त्यावरून जमीन देणंच फुकट गेलं असा अर्थ मी काढत असे, तो आता काढत नाही.

राहिली ओस खाचरं. बांधाच्या अलीकडं आमचं रान, पलीकडं कुळाचं रान, दोन्हीकडं सारखंच माजलेलं. सातबारा काढला तर आठ गुंठ्यांवर सव्वीस नावं. निम्मी वारलेली, बाकीची विरार-डोंबिवलीला. काही लावायचं तर साऱ्यांचं संमतीपत्र. आणि उरल्यासुरल्या खाचरात जी गुडघाभर चिखलात लावणी करते, तिचं नाव सातबाऱ्यावर नाही. नवरा वारला, वारसनोंद झालीच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मुलांनी गावोगाव हेच मोजावं, असं मला फार वाटतं. तोवर तिच्या वारसनोंदीसाठी मी तलाठ्याकडं खेपा घालते आहे, आणि आमच्या सामाईक खात्याच्या वाटपाचा अर्जही दिला आहे.