गार नावाचा मासा

आपल्यापैकी बहुतेकांना पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही. माशांच्या काही घराण्यांची वंशावळ मात्र दगडात जपलेली असते. थंड मुलखातला स्टर्जन हा असाच एक जुना खानदानी मासा. त्याच्याच तोलाचे एक घराणे एके काळी आपल्या विदर्भात नांदत होते. त्याचे नाव गार. ते ऐकून आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, गारगोटीतला गार का? मग तो शिजायचा तरी कसा?”

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हे! या माशाचे खवले चकचकीत, हाडासारखे टणक आणि एकमेकांत बसवलेले. अंगभर चिलखतच म्हणा ना. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव येथे त्याचे अवशेष सापडले. आर्थर स्मिथ वुडवर्ड या इंग्रज पंडिताने १९०८ साली त्याचे ‘लेपिसोस्टियस इंडिकस’ असे बारसे केले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीतून लाव्हा उसळत होता. आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीखालचा काळा कातळ त्याचाच. एक थर थिजला, वर तळे साचले, की त्या पाण्यात गार पुन्हा पोहू लागे. दोन थरांमधल्या गाळात त्याचे खवले मिळतात. एवढा चिवट जीव! पण आज तो अमेरिकेकडच्या नद्यांत उरला आहे; आपल्याकडे फक्त दगडात.

हे वाचल्यापासून काळ नदीवरच्या वाळण कोंडीकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. तिथले महसीर देवीचे मासे. त्यांना कोणी गळ लावीत नाही. येणारा-जाणारा कुरमुरे टाकतो, हात जोडतो. या माशांना गारसारखे चिलखत नाही. लोकांची श्रद्धा हेच त्यांचे चिलखत. श्रद्धेने गळ अडतो, रसायन अडत नाही. आणि रसायनांच्या कारखान्यावरच माझ्या घरची चूल पेटते, हेही तितकेच खरे.

त्यामुळे पाळीवर सांडपाण्याचा आकडा वहीत लिहिताना हल्ली मी तो दोनदा पाहतो. सोबती हसतात. “अहो, कोंड नदीच्या वरच्या अंगाला, तुम्हाला कसली काळजी?” म्हणतात. असेल. पण मासे काही हद्दीचे दगड वाचून पोहत नाहीत.