गंधार काही बसत नाही

पेटीबरोबर डिजिटल पियानो वाजवायचा म्हटलं की गंधारापाशी घोडं पेंड खातं. षड्जाचं काही नाही. पेटी 442 ला असेल तर पियानोही 440 वरून तिथे न्यायचा. माझ्या वाद्यात ट्यूनिंग 0.1 हर्ट्झने सरकतं, हव्या त्या ठिकाणी थांबतं. पण गायिकेची पट्टी काळी एक आणि पेटी त्याच पट्टीत गंधार ट्यूनिंगने, म्हणजे त्या षड्जाशी शुद्ध जुळणाऱ्या स्वरांत, लावलेली असली की पुढचं सगळं अवघड होतं. मध्य सप्तकात दोन्ही वाद्यांचा पंचम एकत्र वाजला की दोन सेकंदांत जेमतेम एक हेलकावा येतो, तो खपून जातो. गंधारात सेकंदाला जवळजवळ तीन येतात. पियानोचा गंधार चौदा सेंट चढा. तो बसवायला अख्खं वाद्य उतरवावं तर षड्ज बोंबलतो.

मेन्यूत ‘प्युअर मेजर’ ट्यूनिंग आहे. मूळ स्वर सी-शार्प दिला की गंधार पेटीला असा चिकटतो की वादकाने मान वर करून बघावं. मग भावगीताच्या अंतऱ्यात ऋषभावरची कॉर्ड येते आणि रे-धची जोडी बावीस सेंटने तोकडी पडते. तेवढी एक कॉर्ड ऐकून कुणीही म्हणेल, पियानो बिघडलाय. म्हणून मी समान स्वरांतरावर परततो आणि उरलेलं काम पायावर सोपवतो. पेडल दाबलेलं असताना गंधार वाजला की तो पेटीच्या गंधारावर लोंबत राहतो. पाय आधीच उचलला तर हेलकावा कळायच्या आत सूर विझतो. अर्धं पेडल ओळखणारं यंत्र असेल तर हे नजाकतीने जमतं. वाद्याबरोबर फुकट मिळणाऱ्या चौकोनी पेडलला फक्त चालू आणि बंद कळतं. शिवाय वाद्य सुरू करताना पाय त्यावर राहिला तर कित्येक मॉडेलं उलटा अर्थ लावतात: पाय उचलला की सूर लांबतो, दाबला की तुटतो. बंद करून, पाय लांब ठेवून पुन्हा सुरू करायचं. साउंडवाल्याला हे समजावत बसू नये.

या दुखण्यावर आपल्याकडे शंभर वर्षं इलाज चाललेत. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींच्या पेटीचा ध्यास घेतला, अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी 22 श्रुतींची पेटी करून दाखवली. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत सैल झाली नाही. पेटीचे सूर ताठ, मींड नाही, हे तेव्हाचे आक्षेप. आज पेटीवालेच माझ्या पियानोकडे त्या नजरेने बघतात, तेव्हा मला गंमत वाटते आणि रागही येतो.

राग खरा येतो तो ट्रान्सपोजवाल्यांचा. गाणं कुठल्याही पट्टीत असो, बटण दाबायचं आणि पांढरी एकवरून वाजवायचं. मी काळी पाच काळी पाचवरूनच वाजवतो. श्रोत्यांना त्याने काडीचा फरक पडत नाही. गायकालाही नाही. शेजारच्या तबलजीच्या लक्षात आलं तर बरं, एवढीच माझी अपेक्षा असते, आणि बहुधा त्याच्याही लक्षात येत नाही.

मिरवायचे कानही आता पूर्वीचे राहिले नाहीत. वयाबरोबर वरचे बारीक आवाज गेले; तार सप्तकातले हेलकावे आता मी ऐकण्यापेक्षा ओळखतोच जास्त. हल्ली बरोबर एक शिष्या असते. ती पेटीपुढे फोन धरते आणि आकडा सांगते. मी तिला म्हटलं, भाता जोरात दिला की सूर किंचित उतरतो. सावकाश भात्यावर घेतलेला आकडा गाणं रंगात आल्यावर कामाचा नाही. मला वाटलं, विषय संपला. ती पेटीवाल्यांना म्हणाली, “काका, जरा जोरात द्याल का?” आणि दुसरा आकडा घेऊन आली. “सर, दोन्हींच्या मधला ठेवू या?” मीही कानाने तिथेच पोचलो असतो, पण पंधरा मिनिटं घेऊन, डोळे मिटून, पहिल्या रांगेतल्या मंडळींना दिसेल अशा बेताने.

ट्यूनिंग झालं की मी बटणांना कुलूप घालतो. कारण विचारलं तर सांगतो, वहीचं पान उलटताना बाही मेट्रोनोमला लागते, आलापात टिकटिक सुरू होते. ते खोटं नाही. पण मी जरा विंगेत गेलो की आकडा दशांशाने इकडचा तिकडे करायचा हात तिचा असतो, आणि तो दशांश बहुतेक वेळा तिचाच बरोबर निघतो. कुलूप त्यासाठी आहे. ते कुठली बटणं धरून ठेवल्यावर उघडतं, हे मी तिला शिकवलेलं नाही. मॅन्युअल तिने माझ्याआधी वाचलंय, तरीही ती मला विचारल्याशिवाय उघडत नाही, आणि मी अजून तरी “राहू दे” असंच म्हणतो.