आमच्या वस्तीचे प्रदर्शन : एक ऋणनिर्देश

२०२५ च्या मार्चमध्ये २१ आणि २२ तारखेला आम्ही आमच्या वस्तीतील बुद्ध विहारात एक छोटे प्रदर्शन भरवले. तारखा मुद्दाम धरल्या होत्या. १९२० साली याच दोन दिवशी माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे बाबासाहेब. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. हे आपण दर जयंतीच्या भाषणात ऐकतो. पण समोर बसून ते ऐकणारी माणसे कोण होती? काही घरांत अजून सांगतात, आमचा आजा चालत गेला होता. आम्हाला ते आजे भिंतीवर हवे होते.

घरोघर फिरलो, पण ट्रंक उघडायला कोणी तयार होईना. कारणही तसेच होते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ अभ्यासासाठी म्हणून वस्तीतले जुने फोटो आणि दाखले घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी दारातच ऐकवले, "फोटू नेला एकानं. आता काय न्यायला आलाय, लेकरांनो?"

आम्ही पडलो कारकून. दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तक घेऊनच गेलो. वस्तू कोणती, कुठे पोचा आहे, परत कधी देणार, सारे लिहून दोघांच्या सह्या. आजींनी अंगठा उठवला आणि फळीवरचे पितळी ताट काढून दिले. त्यांचे मामंजी मिस क्लार्क बोर्डिंगात शिकायला होते, तेव्हाचे हे ताट. शाहू महाराजांच्या काळात, १९०८ साली सुरू झालेले ते वसतिगृह. ताट पाहून बाकीच्या ट्रंकाही उघडल्या.

आता आभार. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या पोरांनी पाळी संपवून, भंगारातल्या पट्ट्या जोडून स्टँड केले. मजुरीचे नाव काढले तर रागावले! एका निवृत्त गुरुजींनी सगळ्या पाट्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. कागदाचा पुरावा असेल ते निळ्या शाईत, घरातली आठवण असेल ते लाल शाईत, हा नियम त्यांचाच. यावरून दोन घरे रुसली. पण गुरुजी हलले नाहीत, आणि आमच्या मते तेच योग्य झाले. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी बाबासाहेब हयात असताना त्यांचा पुतळा उभा राहिला. त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून आलेले काका दोन्ही दिवस पोरांना सांगत बसले होते. महिला मंडळाने चहा केला आणि त्याचे टेबल नेमके गंगाराम कांबळे यांच्या पाटीखाली मांडले. त्यांच्या हॉटेलात शाहू महाराज चहा घेत, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

पावतीपुस्तकात सत्तावीस नोंदी झाल्या. २३ तारखेला सव्वीस वस्तू घरपोच दिल्या. आजींनी ताट मात्र घेतले नाही. "पोरं बगाय येत्यात तर ऱ्हाऊ दे तितंच," म्हणाल्या. त्याची नवी पावती केली आहे.

त्यांचा तो फोटो अजून बाहेरच आहे. फेटा बांधलेला तरुण, शेजारी लाकडी खुर्ची, कोपरा फाटलेला. वाचकांपैकी कोणाकडे असल्यास विहारात आणून द्यावा. काही विचारणार नाही, पावती मात्र देऊ. जयभीम.