सरधना ते सिकंदराबाद : काचेच्या पेट्यांचा प्रवास

छायाचित्रकाराने गाव बदलले की त्याचे गिऱ्हाईक मागे राहते. विवाहसमारंभांच्या छायाचित्रणावर ज्यांचे घर चालते त्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. थोरल्या मुलीच्या लग्नात ज्याने छायाचित्रे काढली, त्यालाच धाकटीच्या लग्नाचे बोलावणे जाते. व्याही, मामेभाऊ, शेजारी त्याच ओळखीने येतात. दुसऱ्या प्रांतात ही साखळी पहिल्या कडीपासून जुळवावी लागते. सोबत नेता येतात ती यंत्रे, घरची माणसे आणि जुन्या निगेटिव्हच्या पेट्या. फिल्मचा रोल प्रचारात येण्यापूर्वी त्या पेट्यांत काच असे. अशी काच सांभाळत निम्मा देश ओलांडणाऱ्या एका जैन कुटुंबाची वाट आजही एकेका गावातून चालत पाहता येते. ते कुटुंब म्हणजे राजा दीनदयाळ यांचे.

वाटेचा आरंभ सरधना येथे होतो. मेरठपासून सुमारे वीस किलोमीटरवरचे हे गाव प्रवाशांना ठाऊक असते ते बेगम समरूने बांधविलेल्या भव्य चर्चमुळे. बेगमेचे निधन 1836 मध्ये झाले आणि तिच्या छोट्या दरबाराचा थाटही तिच्याबरोबरच संपला. त्यानंतर आठ वर्षांनी, 1844 मध्ये, येथल्या एका जैन जौहरी घराण्यात दीनदयाळ जन्मले. रत्नपारख्याच्या घरातल्या मुलाने पेढीवर बसावे हाच त्या काळचा रिवाज. हा मुलगा मात्र रुडकीला गेला.

रुडकी त्या वेळी कालव्याचे गाव होते. गंगेच्या कालव्यात 1854 मध्ये पाणी सुटले होते आणि सोलानी नदीवरून तो कालवा नेणारा प्रचंड जलसेतू गावालगतच उभा होता. तेथील थॉमसन कॉलेजात दीनदयाळ स्थापत्याचे शिक्षण घेऊन 1866 साली बाहेर पडले. मोजमाप, आरेखन, खर्चाचा अंदाज ही त्यांची विद्या. पुढे त्यांच्या छायाचित्रांत इमारतीची उभी रेषा कधी कलत नाही, कमानीचा मध्य नेमका सापडतो, याचे श्रेय कॅमेऱ्यापेक्षा या शिक्षणाला द्यावेसे वाटते.

त्याच वर्षी त्यांना इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात मुख्य अंदाजक व आरेखक म्हणून नोकरी लागली. कुटुंबाचे हे पहिले मोठे स्थलांतर. होळकरांची राजधानी, दरबारात मराठी, बाजारात माळवी, आणि गावाच्या एका कडेला इंग्रज रेसिडेन्सी, असे ते नगर होते. छायाचित्रणाचा छंद दीनदयाळ यांना येथेच, 1874 च्या सुमारास लागला. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी त्यास उत्तेजन दिले. 1875–76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे घेण्याची संधीही त्यांना मिळाली. पुढच्या दशकाच्या आरंभी सर लेपल ग्रिफिन यांच्यासमवेत ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेरच्या कड्यात कोरलेल्या विशाल तीर्थंकरमूर्ती त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आल्या त्या याच काळात. खडकासमोर उभा असलेला छायाचित्रकार स्वतः श्रावककुळातला होता, हे त्या चित्रांखाली कोठे लिहिलेले नसते.

या व्यवसायाच्या सामग्रीविषयी येथेच सांगितलेले बरे. त्या काळी छायाचित्र ज्या कागदावर उमटवीत त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असे. पुढे आलेल्या कोरड्या काचांवर जिलेटिनचा लेप असे, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघते. फिल्मच्या रोलवरही जिलेटिनच असते; हौसेने पुन्हा फिल्मकडे वळलेल्या आजच्या छायाचित्रकारांनाही ते चुकलेले नाही. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरात हा धंदा शिरला तो असा प्रश्न सोबत घेऊनच. हिऱ्या-माणकांच्या पेढीवर तो कधी उद्भवला नसता.

नोकरी सरकारी, पगार ठरलेला, आणि शिवाय छंदातून मिळणारा मान, एवढे सारे इंदुरात असताना दीनदयाळ यांनी ते सोडण्याचा निश्चय केला. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा आश्रय मिळाला आणि 1880 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिकंदराबादेत चित्रशाळा उघडली गेली. चाळिशी ओलांडलेला, मुलाबाळांचा माणूस निवृत्तिवेतनाची वाट सोडून एका राजाच्या मर्जीवर बिऱ्हाड हलवतो, हा निर्णय धाडसाचा होता. आजच्या घरातही अशा बेतावर पहिला आक्षेप बहुधा स्वयंपाकघरातून येतो आणि तो बहुधा बरोबर असतो.

इंदूर ते सिकंदराबाद हा त्या काळचा लोहमार्ग मोठ्या वळणाचा होता. इंदूरहून खंडव्यापर्यंत मीटर गेजची गाडी. खंडव्यास रुंद मार्ग सुरू होई, म्हणजे सारे सामान एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवणे आले. पुढे भुसावळ, मनमाड, नगर, दौंड, सोलापूर असा महाराष्ट्र उभा ओलांडायचा, वाडीला पुन्हा बदल करायचा आणि निजामाच्या रेल्वेने सिकंदराबाद गाठायचे. काचेच्या निगेटिव्हची एक पेटी दोन माणसांनी उचलावी इतकी जड होते. काचा आडव्या रचल्या तर खालची वरच्यांच्या भाराने तडकते; म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी पेटीत त्या उभ्या ठेवाव्या लागतात. हमालाच्या खांद्यावरून घसरलेली पेटी म्हणजे पुन्हा कधीही न मिळणारी चित्रे. भांडीकुंडी फुटली तर नवी घेता येतात. बिऱ्हाड हलवणाऱ्या कोणत्याही छायाचित्रकाराची सगळी धास्ती या फरकात असते.

सिकंदराबाद आणि हैदराबाद यांच्यामध्ये हुसेनसागर पसरलेला आहे. एका काठाला इंग्रजी छावणी, दुसऱ्या बाजूस निजामाचे शहर. चित्रशाळेला दोन्हीकडून गिऱ्हाईक मिळाले: गोरे अधिकारी आणि त्यांच्या मेजवान्या, तसेच अमीर-उमराव, त्यांच्या शिकारी आणि घरचे समारंभ. एक वर्ग मात्र कॅमेऱ्यापासून दूर होता, पडद्यातल्या स्त्रिया. त्यांच्यासाठी 1892 मध्ये हैदराबादेत खास जनाना चित्रशाळा काढण्यात आली. तेथे पुरुषांना मज्जाव होता आणि कारभार मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती होता. नव्या गावात धंदा रुजवायचा तर त्या गावाची रीत मोडून चालत नाही, आणि रीत पाळल्याने गिऱ्हाईक निम्मे व्हावे हेही परवडत नाही. या पेचातून काढलेली ही वाट त्या काळी फारच थोड्यांना सुचली. विवाहप्रसंगी अंतःपुरात वावरण्यासाठी आज स्त्री-छायाचित्रकार मागणारी घरे आहेतच.

निजामांनी 1894 मध्ये ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. शिकागोच्या 1893 च्या विश्वप्रदर्शनातही या चित्रशाळेच्या कामाचा गौरव झाला. वीरचंद राघवजी गांधी यांनी जैनधर्माची ओळख करून दिली ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा औरंगाबाद भागातील निजामाच्या मदतकार्याची छायाचित्रेही याच चित्रशाळेने घेतली. दरबारी मेजवान्या आणि हाडांचे सापळे झालेली मुले एकाच पेढीच्या काचांवर आहेत. मराठवाड्यातल्या वाचकाने त्यांतली ही दुसरी चित्रे तरी अवश्य पाहावीत.

1896 मध्ये मुंबईत आणखी एक मोठी चित्रशाळा निघाली आणि पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीचा सनदपत्राचा मान मिळाला. बाहेरून पाहता हा कळस होता. घरातून पाहता एक कुटुंब दोन शहरांत वाटले गेले होते, मध्ये रेल्वेचा लांब प्रवास होता, आणि ज्ञानचंद व धरमचंद या दोन मुलांवर सारा भार येत होता. धरमचंद 1904 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, 5 जुलै 1905 रोजी, मुंबईत दीनदयाळ यांचे निधन झाले. निजाम महबूब अली खान 1911 मध्ये वारले. ज्यांच्या भरवशावर इंदूर सोडले तो आधारही गेला. ज्ञानचंदांनी सिकंदराबादची चित्रशाळा चालू ठेवली, पण पहिले दिवस परतले नाहीत. छायाचित्रकाराची कीर्ती वारसाहक्काने मिळते; राजाची मर्जी मिळत नाही.

इंदुरास गेलेल्या जैन यात्रेकरूंना काचमंदिर ठाऊक असते. ते सेठ हुकुमचंद यांनी उभारले ते दीनदयाळ यांचे बिऱ्हाड तेथून हलल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. या कुटुंबाची काच पाहायची तर आता दिल्लीस जावे लागते. 1989 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या 2,857 काच-निगेटिव्ह आपल्या संग्रहात घेतल्या. माळवा, दख्खन आणि मुंबई पाहून त्या जेथे स्थिरावल्या तेथून सरधना शंभर किलोमीटरच्या आत आहे. दीनदयाळ यांच्या छायाचित्रांच्या कडेला पुष्कळदा क्रमांक घातलेला आढळतो. छापात तो सरळ वाचता यावा म्हणून काचेच्या लेपावर अक्षरे उलटी लिहावी लागत. गिऱ्हाईक कोणत्याही गावी असो, त्याने क्रमांक कळवावा आणि पेटीतली तेवढीच काच काढून नवी प्रत छापून द्यावी, यासाठी ती व्यवस्था. काचा शाबूत आहेत. प्रत आजही निघते.